झाकणाच्या आतली जागा

माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, तरुणपणापासून एका महागड्या घड्याळाचं वेड. तो आजारी पडल्यावर मी त्या घड्याळाची हुबेहूब नक्कल मिळवली आणि आत बरं ऑटोमॅटिक मशीन बसवून घ्यायला घड्याळजीकडे गेलो.

"हे पातळ मशीन दिसायला छान, पण बिघडलं की फेकायचं," तो म्हणाला. "हे जाड घ्या. पाच वर्षांनी साफ केलं की पुन्हा नव्यासारखं. सुटे भागही कुठंही मिळतात."

सकाळीच डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "यंदाची दिवाळी ते बघतील असं वाटत नाही." तरी मी जाडच घेतलं. आशा म्हणाल, तर तीही नव्हती. जाणाऱ्या माणसासाठीसुद्धा आपण टिकाऊच वस्तू घेतो. दुसरं काही घ्यायला हात धजत नाही.

मशीन बसवून झाल्यावर घड्याळजीनं मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख कोरली. अगदी वर, कडेला चिकटून.

"मध्ये का नाही कोरलीत?" मी विचारलं.

"पुढच्या सर्व्हिसिंगच्या तारखांना जागा नको?" म्हणत त्यानं झाकण घट्ट बसवलं.

त्या कोऱ्या जागेखाली आता वसंताचं काडीसारखं मनगट असतं.