मामांनी पाहिलेली दोन नाटकं

दहावीला बरे मार्क पडले आणि वडिलांनी मला नांदेडहून उचलून लातूरला मामांकडे आणून ठेवलं. डॉक्टर व्हायचं तर लातूरलाच शिकायचं, असं तेव्हा घरोघरी ठरलेलंच होतं. मामांचं साड्यांचं दुकान होतं. भूकंपाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, तरी मामा अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचे. घराच्या एका भिंतीला केसाएवढी भेग गेली होती. मामी आणि मी त्याच भिंतीला टेकून बिनघोर झोपायचो. मामांना आत झोपा म्हटलं, की ते शेडकडे बोट दाखवायचे. "हे पडलं तर टेंगूळ येईल. ते पडलं तर फोटोला हार येईल."

पहिलं नाटक आमच्या क्लासच्या गॅदरिंगला झालं. त्यातल्या मुलीला चित्रकार व्हायचं असतं आणि बापाला तिला डॉक्टर करायचं असतं. बाप आधी शेजाऱ्याच्या मुलाचं उदाहरण देतो, मग आपले कष्ट सांगतो, आणि तरी ती ऐकेना म्हटल्यावर छाती धरून खाली बसतो. मुलगी ब्रश टाकून म्हणते, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." सगळे पालक डोळे पुसत होते. मीही रडले. मामांनी मात्र मोठ्ठी जांभई दिली.

घरी येताना मी विचारलं, "मामा, तुम्हाला आवडलं नाही?"

"हे काय पटवणं झालं का, पोरी? गिऱ्हाईकापुढं रडून लुगडं खपवल्यावानी हाय. घेऊन जाईल ती, पण नेसणार न्हाई."

"पण बापाच्या छातीत दुखत होतं ना."

"उजव्या बाजूला धरली होती त्यानं छाती. तू बायोलॉजी शिकून राहिली ना?"

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

दिवाळीत मामा भाऊबीजेला नांदेडला आले, मामीही आल्या. तेव्हा गावातल्या हौशी मंडळींचं दुसरं नाटक लागलं होतं. त्यातले आजोबा भूकंपानंतर घरात पाय टाकायला तयार नसतात आणि बाहेर बाजेवर झोपतात. विषय ऐकून मामी म्हणाल्या, "आपण जायचंच." मामांना विषय कुणी सांगितला नाही.

नाटकात मुलगा आजोबांना इंजिनिअरचा दाखला दाखवतो. सून म्हणते, लोक हसतात. आजोबा ढिम्म. मग नात काही न बोलता आपलं अंथरूण आणते आणि बाजेशेजारी जमिनीवर आडवी होते. तिला डास चावतात. आजोबा तिच्याकडे बघतात, मग घराच्या दाराकडे बघतात. सभागृह एकदम चिडीचूप झालं. आणि आमच्या रांगेतून मामा उभे राहिले.

"आजोबा, उठू नका! पोरगी नाटक करून राहिली!"

लोक फुटले हसून. माझी आई खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकली. आजोबांचं काम करणारे गृहस्थ मुरलेले होते. ते बाजेवरूनच म्हणाले, "कामून हो? तुमचं काय जातंय?"

"मी बी शेडातच झोपतो!"

"एकटेच?"

"हाव!"

"मग तुमच्या घरी कुणी अंथरूण घेऊन आलं न्हाई वाटतं अजून."

सगळं सभागृह वळून मामींकडे बघायला लागलं. मामींनी पदर तोंडाला लावला. आजोबांनी मात्र शांतपणे नातीचं अंथरूण गोळा केलं, तिचा हात धरला आणि घरात गेले. टाळ्या थांबेनात. सगळ्यांत जोरात मामाच वाजवत होते. "ह्याला म्हणतात पटवणं," ते मला म्हणाले. "तिनं काही मागितलंच न्हाई. त्याचं त्यानं ठरवलं."

लातूरला परतल्यावर मामींनी काही न बोलता आपली गादी शेडमध्ये नेली. मामा खूश झाले. त्यांनी लगेच मच्छरदाणी आणली, ट्रान्झिस्टर आणला, वर टेबलफॅन लावला. घरात जायचं नाव नाही. आठवडाभरात मामींची कंबर धरली. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्या छातीवर हात दाबून रडायलाच लागल्या. "माझ्या नशिबी पत्राच लिहिलाय," एवढंच वाक्य झालं असेल. मामांनी गादी गुंडाळून खांद्यावर टाकलीसुद्धा.

"मामा, हे तर पहिलं नाटक झालं," मी म्हटलं. "ते तुम्हाला पटलं नव्हतं."

"त्यात बाप होता," मामा घरात शिरताना म्हणाले. "बायको असती तर मी बी रडलो असतो."

बारावीनंतर वडिलांना पटवण्यासाठी मी दोन्ही तऱ्हांची तयारी केली होती, कारण मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. रडायचंही ठरलं होतं आणि गप्प बसायचंही. पण मेडिकलला माझा नंबरच लागला नाही. मी भीत भीत म्हणाले, "इथंच नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करू का?" वडील पेपर वाचत होते. "कर की," ते म्हणाले, "घरून डबा तरी जाईल." मला इतका राग आला, की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.