स्कॉटलंडच्या सरदाराने आमच्या गावात मरावं की नाही

एखाद्या माणसाने मरावं की नाही, हे तुमच्या गावात कधी हात वर करून ठरलंय? आमच्या गावात ठरलंय. रहिमतपूरपासून जवळच आमचं गाव आहे. आणि ज्याच्याबद्दल मतदान झालं तो माणूस मरून चारशे वर्षं उलटून गेली होती, तोही स्कॉटलंडात.

आमच्या घरी पत्रकं छापली जायची. पाण्याची, विजेची, हुंड्याविरुद्धची. उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्या-पुस्तकांना कव्हरं असायची, त्यामुळे धड्याआधी मी धिक्कार वाचायला शिकले. सत्य मतांवर ठरत नसतं, हे मी पहिल्यांदा वाचलं ते भूगोलाच्या पुस्तकावर. म्हणून त्या बैठकीचा मला अजून राग येतो.

सगळं सुरू झालं तात्यांपासून. तात्या माझे चुलते. फौजेत होते, पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे, काखेत पिशवी धरून फुंकायचं ते स्कॉटिश वाद्य. निवृत्त होऊन आले ते पाइप घेऊन आणि एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन. त्यात एका स्कॉटिश सरदाराचं चरित्र होतं. पाइपला गाव 'तात्याची पिशवी' म्हणायचं आणि सरदाराला 'तात्याचा पाव्हणा'.

फौजेत जवान गेला की वाजवायची एक संथ धून तात्यांना येते. गावात ती त्यांनी एकदाही वाजवली नव्हती. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त सरहद्दीवर मारला गेला तेव्हा तात्या लांबच्या ठाण्यावर होते. रजा घेऊन आले तर दोस्ताच्या भावकीने दारातूनच परत पाठवलं. दोस्त खालच्या आळीचा, आम्ही वरच्या. जत्रेत पालखी आधी कुठल्या आळीत वळायची यावरून दोन्ही आळ्यांचं वैर, इतकं जुनं की ते कसं सुरू झालं ते सांगणारा कुणी उरलेला नाही. एकमेकांच्या मयतीला जायचं नाही आणि एकमेकांच्या घरात पाणी प्यायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ आहे. आता तात्यांना दमा आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फुंकायचं बंद करा म्हणून सांगितलंय. तात्यांना ती धून गावात एकदा पुरी वाजवायची होती. एवढंच.

गणपतीला आमचं मंडळ जिवंत देखावा करतं. माणसं वेष घालून उभी राहतात, मागून ध्वनिमुद्रित निवेदन चालतं, दहा मिनिटांत खेळ संपतो, गर्दी सरकते की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी विषय ठरेना, कारण कुठलाही विषय घेतला की त्यातला शूर माणूस कुठल्या आळीचा यावरून वाद. तेव्हा तात्या म्हणाले, असा माणूस घ्या की जो कुठल्याच आळीचा नाही. आणि त्यांनी पाव्हण्याची गोष्ट सांगितली.

तेव्हा इंग्लंडात ट्यूडर घराण्याचं राज्य होतं. सरदाराचा बाप त्यांच्याशी लढताना पडला, म्हणून हा दूध पिता पिताच सरदार झाला. राहायला दगडी मनोरा, खाली जनावरं, वर माणसं, दिवस मावळला की शिडी वर ओढून घ्यायची. मोठा झाल्यावर तो सरहद्द ओलांडून इंग्रजांची गुरं पळवायचा, इंग्रज याची. जुनं वैर मिटावं म्हणून याचं लग्न ठरलं आणि वऱ्हाड परतायच्या आत नवं वैर लागलं. राजा बदलला की हा पक्ष बदलायचा आणि पक्ष बदलला की प्रार्थना, कधी कॅथलिक, कधी प्रोटेस्टंट. शेवटी चुलतभावाने जेवायला बोलावून याच्या पोटात खंजीर खुपसला.

एकाने विचारलं, "पण भावकीत जेवायला गेलाच कशाला त्यो?"

याचं उत्तर तात्यांच्या पुस्तकात नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. इतका आपला वाटणारा परदेशी माणूस गावाने पाहिला नव्हता. मी मात्र उठून हरकत घेतली, की सरदाराचं कौतुक फार झालं, त्याच्या मनोऱ्याखाली राबणारी कुळं कुठे आहेत? कुळ दाखवल्याशिवाय देखावा होणार नाही. मागणी मान्य झाली. कुळाची भूमिका कुणी घेईना, म्हणून ती मला मिळाली. सोबत एक शेळी.

कपडे सांगलीच्या ड्रेपरीवाल्याकडून आणले. परदेशी म्हटल्यावर त्याने नाटकातल्या इंग्रज अधिकाऱ्याचा लाल कोट काढून दिला. हा माणूस जन्मभर इंग्रजांशी लढला, असं मी त्याला बरंच समजावलं. तो म्हणाला, "ताई, साहेब म्हंजे साहेब. कोट येकच हाय."

सरदार वरच्या आळीचा झाला, उंचापुरा, तालमीतला. मारणारा चुलतभाऊ खालच्या आळीचा. मंडळात सगळं निम्मं-निम्मं असतं. पण तालमीच्या वेळी वरच्या आळीच्या म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं, की खेळ परत परत होणार म्हणजे आपला पोरगा त्यांच्या हातून रोज संध्याकाळभर मरणार. "खोटं-खोटं बी न्हाई," म्हणाले. मंडळाने बैठक बोलावली आणि मतदान घेतलं. सरदाराने खंजीर हिसकावून घ्यावा, चुलतभावाला मिठी मारावी आणि दोघांनी आरतीला यावं, असं बहुमताने ठरलं.

मी दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं. मथळा होता, 'मेलेल्यांना बहुमताने जिवंत करणाऱ्यांचा निषेध'. लोकांनी ते वाचलं, छान आहे म्हणाले आणि प्रसादाला वापरलं.

तात्यांनी पाइप पेटीत ठेवला. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "सरदार मरत न्हाई तर मी काय वाजवू पोरी? मिठीला वाजवू?" तेव्हा मला कळलं, की देखाव्याची गोष्ट त्यांनी शेवटासाठीच सुचवली होती. सरदार पडेल, गाव समोर उभं असेल, खालची आळीसुद्धा, आणि कुणी दारातून परत पाठवणार नाही.

मी पुन्हा बैठक मागितली. यावेळी सत्यावर बोलले नाही. वाटणीवर बोलले. एका खेळाला वरची आळी मरेल, पुढच्या खेळाला खालची. कोट तेवढा अदलाबदल करायचा. खंजीरही. हा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. सत्याला हात वर झाले नव्हते, निम्म्या-निम्म्या मरणाला सगळ्यांचे झाले.

असं ठरलं, की सरदार पडला की निवेदन थांबेल, तात्या धून वाजवतील आणि ती संपली की मेलेला उठून पुढच्या खेळाला चुलतभाऊ होईल. खालच्या आळीच्या पोराला कोट मोठा व्हायचा, मरताना बाह्यांमध्ये त्याचे हात सापडायचे नाहीत. वरची आळी मेली की खालच्या आळीतून शिट्ट्या, खालची मेली की वरच्या. "वन्स मोर" सुद्धा. त्या गोंगाटात तात्यांची धून मला, म्हणजे शेजारी उभ्या कुळालासुद्धा धड ऐकू येत नव्हती. शेळीला येत असावी, ती पाइप सुरू झाला की दावं ओढायची. तात्या दोन ओळी वाजवायचे, धाप लागली की थांबायचे. धून अर्ध्यातच राहायची.

शेवटच्या दिवशी दिवेलागणीला खालच्या आळीचा पोरगा पडला. शिट्ट्या सुरू झाल्या. तात्यांनी पाइप खांद्याला लावला आणि वाजवलाच नाही. नुसते उभे राहिले. धून संपल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलेलं, म्हणून पोरगाही उठेना. शिट्ट्या थकल्या. मागून एकाने "उठ की रं गड्या" म्हटलं. पोरगा पडूनच. पाहता पाहता सगळं मैदान गप्प झालं. खालच्या आळीचे सगळ्यांत म्हातारे आजोबा पुढे आले. पडलेला पोरगा त्यांचा नातू. सरहद्दीवर गेलेला तात्यांचा दोस्त त्यांचा धाकटा भाऊ. त्यांनी नातवाकडे पाहिलं, मग तात्यांकडे.

"वाजवा तात्या," ते म्हणाले. "पुरं वाजवा."

तात्यांनी वाजवलं. मध्ये दोनदा दम तुटला, तेव्हा सूर खाली घसरला, पण पिशवीतली हवा दाबून त्यांनी तो धरून ठेवला. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दोन्ही आळ्यांतले निवृत्त फौजी उभे राहिले होते, हात मांडीला चिकटवून. धून संपली. पोरगा उठला, बाह्या सावरल्या आणि आजोबांना विचारलं, "आता मी मारायचं ना?"

वैर मिटलं नाही. यंदाच्या जत्रेत पालखी पुन्हा चौकात अडकली. पण मंडळाने देखावा तोच ठेवलाय, आणि तात्या म्हणतात, यंदा जमेल, पुढचं माहीत नाही. तर तुम्ही या. सरदाराला लाल कोट का, हे विचारू नका. तो भावकीत जेवायला का गेला, हेही नको. तो पडला, मग तो कुठल्याही आळीचा असो, की शिट्टी मारू नका. शेजारचा मारत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि धून पुरी होईपर्यंत उभे राहा.