काम गेलं कुठे

ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये, पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी नव्हती. ॲडलेडला मॉसन लेक्सला शिकत होते तोवर बस आणि ट्रेनवर भागत होतं. इथे पहिल्याच आठवड्यात कळलं की सकाळच्या शिफ्टला पोचवणारी बसच नाही. लॅबमधल्या एक सीनियर बाई मला रोज घरून न्यायच्या. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "तू आता गाडी घे. कुठलीही घे, फक्त त्या अमेरिकन कंपनीची घेऊ नकोस."

"का? खराब निघाली होती का?"

"छे. मी आयुष्यात कधी बसलेही नाहीये तिच्यात. आमच्या घरात ती चालत नाही."

हे मला समजायला वेळ लागला. इथे मोटारींच्या शर्यतींवरून दोन कंपन्यांचे दोन पक्ष पडलेले होते आणि लोक आपला पक्ष आईवडिलांकडून घेत होते. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या पोर्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिचं ऐकू नकोस. घेशील तर तीच गाडी घे." दोघांनाही कारण विचारलं. दोघांनीही वडिलांचं नाव पुढे केलं.

मला मात्र वडिलांकडून उलटंच मिळालेलं होतं. पुण्यात माझे बाबा एका देशी कंपनीत फोरमन होते. पक्की नोकरी होती. मी शाळेत असताना ही अमेरिकन कंपनी भारतात आली आणि बाबा ती नोकरी सोडून तिच्या डीलरकडे सर्व्हिस सेंटरला गेले. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. बाबा म्हणायचे, "ज्यांनी जगाला मोटार बनवायला शिकवलं त्यांच्याकडे काम करायला मिळतंय." मग बऱ्याच वर्षांनी कंपनीने भारतात गाड्या बनवणं थांबवलं. डीलरने शोरूम बंद केली, पण गिऱ्हाइकांकडे बाबांचा नंबर राहिला. "तुमच्या भरवशावर घेतली होती हो गाडी," असं म्हणत लोक घरी यायचे. बाबा त्यांना चहा द्यायचे आणि खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

म्हणून मी जेव्हा जाहिरात पाहून एक सेडान बघायला गेले आणि ती नेमकी त्याच कंपनीची निघाली, तेव्हा परतच फिरणार होते. पण मालक दारातच उभे होते. बाबांच्याच वयाचे असावेत. त्यांनी सांगितलं की व्हिक्टोरियातल्या याच कंपनीच्या कारखान्यात तीस वर्षांवर त्यांनी गाड्यांचे दरवाजे बसवले. कारखाना बंद झाल्यावर मुलीजवळ राहायला ते टूवूंबाला आले. आता डोळ्यांच्या ऑपरेशननंतर हायवेवर चालवायला मुलगी परवानगी देत नव्हती.

त्यानंतर अर्धा तास ते कंपनीला शिव्या घालत होते. बंद करायचं आधी सांगितलं होतं, तरी शेवटच्या दिवशी विश्वास बसला नव्हता म्हणे. जी माणसं गाड्या बनवतच नाहीत, नुसती बैठका घेतात, त्यांच्याबद्दल जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. हे सगळं चालू असताना ते बाहीने बोनेट पुसत होते. एक डाग दिसला तर बोलणं थांबवून त्यावर फुंकर मारून पुन्हा पुसलं.

मी विचारलं, "एवढा राग आहे, तर त्यांचीच गाडी का ठेवली?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "त्यांची? ही त्यांची नाही, लव्ह. ही आमची."

मी गाडी घेतली. का घेतली, नीट सांगता येणार नाही. किंमत आवाक्यात होती आणि गाडी सुंदर ठेवलेली होती, हे खरं. पण त्यांनी किल्ली देताना जे केलं त्याचाही वाटा असावा. ते गाडीभोवती फिरले आणि चारही दरवाजे एकेक करून उघडून बंद केले, आवाज ऐकत. मग म्हणाले, "महिन्यातून एकदा रेडिएटरमधलं कूलंट बघत जा. काही झालं तर मला फोन कर." बाबांना मी फोनवर सांगितलं की पांढरी गाडी घेतलीय, चांगली आहे. कंपनी सांगितली नाही.

पुढच्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि ते एकटे होते. ब्रिस्बेन एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी डिकी उघडली. बाबांनी ट्रॉली थांबवली आणि डिकीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"ही?"

"हो बाबा."

"पांढरी आहे एवढंच म्हणाली होतीस."

त्यांनी बॅगा डिकीत ठेवल्या. सीट बेल्ट लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. तासभर मी एकटीच बोलत होते, हॉस्पिटलबद्दल, हवेबद्दल. त्यांना राग आलाय, वाईट वाटलंय की नुसता प्रवासाचा शीण आहे, काही अंदाज येईना. टूवूंबा डोंगरावर आहे आणि शेवटी मोठा चढ लागतो. चढाला लागल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"टेंपरेचर बघ."

काटा वर गेला होता. मी गाडी कडेला घेईपर्यंत बोनेटमधून वाफ यायला लागली. मी दार उघडून धावले, तर बाबा ओरडले, "अगं, हात लावू नकोस! भाजेल. थांब जरा." ते शांतपणे उतरले, स्वेटर काढून सीटवर ठेवला, आणि मला म्हणाले, "कूलंट शेवटचं कधी पाहिलं होतंस?"

मी एकदाही पाहिलं नव्हतं.

इंजिन निवल्यावर त्यांनी वाकून पाहिलं. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप म्हातारा होऊन चिरला होता, पाणी किती दिवस झिरपत होतं कोण जाणे. दोष गाडीचा नाही, तुझा आहे, असं त्यांनी जाहीर केलं आणि मला त्याही परिस्थितीत बरं वाटलं. रस्त्यावर मदतीला येणाऱ्या रोडसाइडवाल्यांनी यायला दोन तास लागतील म्हणून सांगितलं. म्हणून मी गाडी विकणाऱ्या त्या गृहस्थांना फोन केला. ते मुलीला चालवायला लावून तिच्या गाडीतून आले, सोबत पाइप, क्लॅम्प, कूलंटचा कॅन आणि थर्मासमध्ये चहा. मुलगी आमच्याकडे बघून हसली आणि गाडीतच बसून राहिली.

बाबा आणि ते एकमेकांना नाव विचारायच्या आधीच कामाला लागले. बाबांनी मान न वळवता हात पुढे केला आणि त्यांनी त्यात बरोबर हवा तोच स्क्रूड्रायव्हर ठेवला. मी थर्मास धरून उभी होते. पाइप बसला, पाणी भरलं, तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, "तुझे डॅड मेकॅनिक आहेत, सांगितलं नाहीस कधी."

मी सांगितलं की ते याच कंपनीचं काम करायचे. इंडियात.

हात पुसता पुसता ते थांबले. "इंडियात?" ते हसले, पण ते हसणं पूर्ण नव्हतं. "म्हणजे तुम्ही लोक होतात ते! आमच्या कॅन्टीनमध्ये सगळे म्हणायचे, इथला पगार कंपनीला परवडत नाही, काम स्वस्त देशात जाणार. इंडियाचं नाव तर रोज निघायचं. माझे मित्र तुम्हाला शिव्या देत घरी गेले, मेट."

मी बाबांना मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, तिकडे लोकांना वाटायचं काम भारतात जाईल."

"आणि शिव्यांचं?" बाबा म्हणाले. "ते गाळलंस का? एवढं इंग्लिश येतं मला." मग ते स्वतःच त्यांच्याकडे वळले आणि सर्व्हिस सेंटरमधल्या इंग्लिशमध्ये सावकाश बोलले. "सर, आमच्याकडे पण कंपनी गेली. आमच्याकडे बोलायचे, इंडियन कस्टमरला सगळं स्वस्त पाहिजे, अमेरिकेला त्यात काही सुटत नाही. वर्कशॉप बंद. मी घरी."

"तुमचं पण बंद?"

"बंद."

दोघे रस्त्याच्या कडेला उभे होते. ट्रक घोंघावत चढत होते. त्या गृहस्थांनी डोकं खाजवलं. "थांबा. आम्हाला सांगितलं काम तुमच्याकडे गेलं. तुमच्याकडून पण गेलं. मग काम गेलं कुठे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी शिकलेली असल्याने मला माहीत असणार.  तेवढ्यात एक मोठी नवी यूट आमच्या बाजूने चढून गेली, मागे तोच बिल्ला. ही मागे उघडा हौदा असलेली गाडी इथल्या शेतकऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे चालवतात. त्या गृहस्थांनी तिच्याकडे बोट केलं. "त्या थायलंडहून येतात."

बाबांनी विचारलं, "थायलंडमध्ये कुणी ओळखीचं आहे तुमच्या?"

अगदी गंभीरपणे विचारलं होतं. ते गृहस्थ हसायला लागले, मग बाबांचा चेहरा बघून थांबले. "नाही," ते म्हणाले. "असायला हवं होतं."

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी बाबांना त्या गृहस्थांच्या घरच्या गॅरेजवर न्यायला लागले. दोघे माझ्या गाडीचं काहीतरी उघडत आणि पुन्हा लावत. मी बाजूच्या खुर्चीत बसायची. याच दिवसांत मला त्या कंपनीबद्दल वाचायची हौस आली, आणि जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. कंपनीला ज्याचं नाव आहे त्या संस्थापकाने कामगारांना त्या काळात कुणी देत नव्हतं एवढी मजुरी दिली. साध्या माणसाला परवडेल अशी मोटार दिली. आणि त्याच माणसाने स्वतःच्या वर्तमानपत्रातून वर्षानुवर्षं ज्यू लोकांविरुद्ध विष ओकलं. एका रविवारी मी हे दोघांसमोर वाचून दाखवलं. कशाला दाखवलं, हे नंतर वाटलं.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये मजुरीचंच सांगितलं होतं."

ते गृहस्थ म्हणाले की त्यांना ठाऊक होतं. "आमच्या लाइनवर एक ज्यू होता. त्याचे आईवडील पोलंडहून जीव वाचवून आलेले. तो रोज स्टिअरिंगवर कंपनीचं नाव बसवायचा. मी एकदा विचारलं त्याला, तुला काही वाटत नाही का? तो म्हणाला, सोमवारी वाटतं. मंगळवारपासून काम असतं."

"आणि मग?" बाबांनी विचारलं.

"मग काही नाही. रिटायर झाला. चांगला माणूस होता."

परत येताना बाबा गाडीत एकदम म्हणाले, "ज्याने असं लिहिलं त्याच्या नावाचा शर्ट घालून मी बावीस वर्षं काम केलं. तुझ्या आईशी भांडून गेलो होतो मी तिथे. याचं आता काय करायचं?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं ना."

"ते खरं. पण माहीत असतं तर गेलो नसतो, असं म्हणवत नाही मला." मग म्हणाले, "काम फार छान होतं गं तिथलं."

पुढच्या रविवारी त्यांनी गॅरेजवर जायला नकार दिला. डोकं दुखतंय म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सातलाच बूट घालून दारात उभे राहिले, आणि मी कारण विचारलं नाही.

बाबा पुण्याला परत गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जण अजून त्याच गाड्या चालवतात आणि पार्ट मिळेनासा झाला की बाबांकडे येतात. त्यांच्याशी बोलताना बाबांचा आवाज आता थोडा मोठा झालाय, असं माझा भाऊ सांगतो. परवा मी काही द्यायला त्या गृहस्थांकडे गेले, तर ते गॅरेजमध्ये फोन कानाला लावून डोळे मिटून उभे होते. मला त्यांनी हाताने थांब म्हटलं. फोनमधून इंजिनचा आवाज येत होता, पुण्यातल्या कुठल्यातरी अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा.

"पुन्हा रेस करा," ते फोनमध्ये म्हणाले. पलीकडून बाबा म्हणाले, "वन मिनिट, सर." इंजिन वाढलं, उतरलं. "टॅपेट वाजतंय," ते म्हणाले. "टॅपेटच," बाबा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे असं कधीपासून चालू आहे. मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

"बरेच महिने," ते म्हणाले, आणि माझ्या गाडीकडे गेले. मी आलेच होते, तर कूलंट बघून घेतो म्हणाले.