उचल की रोज? मानोऱ्याजवळच्या तांड्यावर दोन दिवस

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. मागच्या लेखात, सराव शिबिराबद्दल लिहिताना, मी म्हटलं होतं की परदेशातल्या स्पर्धेच्या बक्षिसाची अर्धी रक्कम आम्हाला आधीच मिळणार आहे. ते चूक होतं. ते बक्षीस नाही. आयोजक बोलावलेल्या प्रत्येक खेळाडूला स्पर्धेत उतरण्याचं मानधन देतात. अर्धं करारावर सही केल्यावर, अर्धं स्पर्धा झाल्यावर. तुम्ही पहिल्या या नाहीतर शेवटच्या, त्याचा या पैशाशी संबंध नाही. जुन्या लेखात मी शब्द बदलला आहे.

एका शब्दाने असं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडलं.

माझी मैत्रीण निर्मला आणि मी, दोघी चालण्याच्या शर्यतीतल्या. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: आम्ही जवळजवळ धावण्याच्याच वेगाने चालतो, पण एक पाऊल कायम जमिनीला लागलेलं हवं. दोन्ही सुटली की पंच ताकीद देतात, ताकिदी वाढल्या की बाहेर. शिबिरात आमची खोली एकच. निर्मलाचं घर वाशीम जिल्ह्यात, मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर. तिने माझा लेख घरी वाचून दाखवला आणि तिचे वडील म्हणाले, "बक्षीस कोणी आधी देते काय? आधी भेटते ते उचल."

तांड्यावरची बरीच माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्याआधी, पावसाळ्यातच, मुकादम येऊन हंगामाचे पैसे आगाऊ देतो. ती उचल. घेतली की जावंच लागतं, आणि मध्येच आजारी पडलात तर ती अंगावर राहते.

निर्मलाचा फोन आला. "बाबा सही करू नको म्हणून राह्यले. सही नाही तं संघात नाव नाही. तूच लिवलं, आता तूच ये अन निस्तर."

मी काय निस्तरणार? माझीही सही झालेली नव्हती. डाव्या पायाची नडगी शिबिरापासून दुखत होती आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पैसे घेतले आणि तिथे अर्ध्यात बसले तर? हा प्रश्न मला रोज पहाटे पडायचा. संघाच्या व्यवस्थापक मॅडमना एक फोन करायचा होता, तोही होत नव्हता. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांची नोकरी रस्त्याच्या कामांवर, आज इथे उद्या तिथे, म्हणून आईच शिकवायची. तिच्या गणितात उत्तर बरोबर आलं तरी पडताळा केल्याशिवाय बरोबरची खूण मिळायची नाही. आणि परक्या माणसाकडे पैशाचा विषय आपण होऊन काढायचा नाही, हा त्याच शाळेतला दुसरा धडा. पहिला धडा म्हणायचा विचारून खात्री कर, दुसरा म्हणायचा विचारू नको. तरी शुक्रवारी संध्याकाळी मी पुण्याहून निघाले.

शनिवार: कारंजा, इंझोरी, मानोरा

पुण्याहून विदर्भात जाणाऱ्या बऱ्याच खासगी गाड्या कारंज्याला थांबतात. शनिवार-रविवारी भाडं चढतं, म्हणून तिकीट आधी काढा. माझी गाडी उजाडताना पोचली. स्टँडसमोर गरम आलूबोंडे निघत होते. वर तर्री, म्हणजे झणझणीत तेलकट रस्सा, ओतून देतात. जपून, डोळ्यांत पाणी येतं. कारंज्यातली जुनी जैन मंदिरं पाहण्यासारखी आहेत म्हणतात. जवळच काळविटांचं अभयारण्यही आहे. मी दोन्ही पाहिलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

निर्मलाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एका जैन दुकानदारांकडे शेव आणि पेढे बांधायला सांगितले. पुड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "कुठं जाणं हाये?"

"मानोऱ्याला."

"अवं मंग ते पाहा, एसटी निघून राह्यली तुमची! पळा!"

मी निघाले. आता, माझी एक अडचण आहे. इतक्या वर्षांच्या सवयीने मला घाईत पळता येत नाही. मी जोरात चालते. पाठीवर सॅक, हातात पुडे, कंबर डावी-उजवीकडे, आणि दारात उभा राहून ओरडणारा कंडक्टर: "मॅडम, पळा ना! चालून काय राह्यल्या!"

पोचले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा प्रवास एका नाश्त्याच्या खर्चात होतो. तास-सव्वा तास लागतो. रस्ता बरा आहे, मध्ये मध्ये खड्डे. दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर, गुडघ्याएवढी. इंझोरीला खुरपी घेतलेल्या पाच-सहा बायका चढल्या. निंदणाला, म्हणजे शेतातलं तण काढायला, निघालेल्या. माझ्याशेजारी बसलेल्या बाईंनी आधी माझे बूट बघितले, मग मला.

"कोणाच्या घरी चालली व माय?"

मी तांड्याचं आणि निर्मलाचं नाव सांगितलं.

"ते कंबर हालवत चालते ते पोरगी? पेपरात फोटो आलता तिचा." मग मागे वळून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं: "अवं, हेबी तेच करते! चालाचे पैसे भेटते म्हणे यायले!"

"आमी तं जलमभर चाललो," मागून आवाज आला, "कोणी चहा नाई पाजला!"

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण कान तापले होते.

मानोऱ्याच्या स्टँडवर निर्मला घ्यायला आली होती. तिथून तांड्यापर्यंत शेअर ऑटो. तो भरेपर्यंत निघत नाही. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे देऊन मोकळे व्हा. मुक्कामाची सोय मानोऱ्यात शोधण्यापेक्षा कारंज्यात किंवा वाशीमला बघा. मी निर्मलाकडेच राहिले.

तिच्या आईला घरात सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आईच, म्हणून मीही तेच म्हणू लागले. आपसात ते त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलतात, माझ्याशी वऱ्हाडीत. याडीने हातात पाणी दिलं आणि पाहुणीला विचारतात ते काही न विचारता म्हणाली, "तुह्या पायाले काय झालं?"

"कुठे काय?" मी म्हटलं. खोटंच.

निर्मलाचे वडील, किसनकाका, शेतातून आले ते जेवायच्या वेळी. भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, ठेचा. काका कमी बोलतात. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू शिकेल पोरगी. मले एक सांग. पोरगी तिथं मधातच खाली बसली, तं ते पैसे कोणाचे?"

करार मी अनेकदा वाचला होता. इंग्रजीत होता, लांबलचक वाक्यांचा, आणि प्रत्येक वेळी मला त्यातून वेगळाच अर्थ लागायचा.

"बहुतेक आपलेच," मी म्हटलं.

"बहुतेक," काका म्हणाले आणि याडीकडे बघितलं. मग सांगितलं की एका साली उसाच्या फडात याडीचा हात मोडला, तोड अर्ध्यात टाकून परत यावं लागलं, आणि पुढचा सगळा हंगाम त्या उचलीत गेला. आवाज न चढवता सांगितलं. "माह्या पोरीनं कोणाची उचल घेऊ नये. बस."

निर्मला ताटावरून उठली. बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही.

रविवार: सकाळची चाल आणि एक फोन

सकाळी आम्ही दिग्रसच्या रस्त्याला सरावाला गेलो. या रस्त्यावर पहाटे वाहनं कमी, झाडं बऱ्यापैकी, चालायला छान. दूधवाला मोटारसायकल हळू करून म्हणाला, "निर्मलाबाई, आज दोन दोन इंजनं!" ती हसली. परतीच्या वाटेवर माझी नडगी ठणकायला लागली. निर्मलाने माझ्या पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

"कधीपासून?"

"शिबिरापासून."

"म्हणून तूबी सही नाई केली." ती थांबली. "अन तू माह्या बापाले समजवाले आली!"

मला वाटलं चिडेल. ती रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटली. मला आधी रडू आलं, मग मीही हसले.

दुपारी पोहरादेवीला जाऊन आलो. मानोऱ्याहून गाड्या मिळतात. बंजारा समाजाचं मोठं देवस्थान. तिथलं नगाऱ्याच्या आकाराचं संग्रहालय वेळ काढून बघा. आम्ही धावती भेट दिली, कारण निर्मलाने देवीसमोरच मला सांगितलं होतं: घरी गेल्यावर मॅडमना फोन, सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

अंगणात बाजेवर मोबाइल ठेवला. मॅडमनी लगेच उचलला.

"मॅडम, रविवारी त्रास देतेय. एक विचारायचं होतं. गैरसमज करून घेऊ नका. म्हणजे असं होणार नाही, पण समजा, एखाद्या खेळाडूला काही कारणाने..."

"मधात बसली तं पैसे वापस कराव लागते काय, इचार ना!" मागून याडी.

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

"निर्मलाची आई."

"बरोबर विचारतायत. नाही. शर्यत सुरू होताना रेषेवर उभी राहिली, की पैसे तिचे. मध्ये सोडली तरी."

काका फोनवर वाकले. "अन पंचानं भाईर काढलं तं?"

"तरी तिचेच."

"शेवटची आली तं?"

"काका, शेवटची आली तरी."

काका थोडे मागे सरकले. त्यांना हे फार स्वस्तात मिळाल्यासारखं वाटत असावं. "मंग तुमाले याच्यात काय भेटते?"

मॅडम मोकळेपणाने हसल्या. "लोक यांना बघायला तिकीट काढतात, टीव्हीवाले येतात. पैसा त्यातून उभा राहतो. चालणाऱ्या मुलीच आल्या नाहीत, तर दाखवायचं काय?"

"हां," काका म्हणाले. "तोडणारेच आले नाई तं फड उभाच राह्यते."

"अगदी. एकच अट आहे, ती नीट ऐका. काही दुखत असेल तर आधी सांगायचं. सांगितलं आणि डॉक्टरांनी नको म्हटलं, तरी पहिला अर्धा भाग खेळाडूचाच, तो तयारीचा आहे. लपवलं आणि तिथे जाऊन उघड झालं, तर मात्र सगळं परत."

निर्मला माझ्या पायाकडे बघत होती. याडीही. बघण्याची गरज नव्हती, कारण मी तो हातात धरूनच बसले होते.

"मॅडम," मी म्हटलं, "माझी डावी नडगी दुखते आहे."

मला वाटलं होतं मोठा उसासा ऐकू येईल. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. डॉक्टरांना दाखव आणि मगच सही कर. अजून वेळ आहे." एवढंच. इतके दिवस ज्याने झोप उडवली होती, ते एवढंच होतं.

फोन ठेवल्यावर याडीनेच निकाल दिला. "हे काही उचल नोये. आपन निंदणाले जातो. मंग सोयाबीन पिको नाही तं बुडो, सांजच्याला दिसाचा रोज भेटते का नाई? हा रोज हाये."

"अन पयली आली तं?" काकांनी निर्मलाला विचारलं.

"त्याचं बक्षीस अलग, बाबा."

"मंग त्याले बक्षीस म्हणा, अन याले रोज म्हणा. लिवणाऱ्या बाईले सांग." लिहिणारी बाई समोरच बसली होती.

करार मोबाइलवरच होता. निर्मलाने काचेवर बोट टेकवलं, तेवढ्यात काका म्हणाले, "अंगठा नको, सही कर." तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. याडीने माझेच पेढे मला खायला लावले.

परत

सोमवारी सकाळी मानोऱ्याहून मंगरुळपीर, तिथून वाशीम. दोन्हीकडे एसटी सहज मिळते. वाशीमहून पुण्याच्या गाड्या संध्याकाळी सुटतात, त्यामुळे दुपार हातात राहते. मी ती स्टँडजवळ लिंबू सरबत पीत काढली. कितीतरी दिवसांनी डोक्यात काही चाललं नव्हतं. कोणी विचारलं, वाशीमला काय बघितलंस, तर सांगण्यासारखं फार नाही.

घरी येऊन आता हे लिहिते आहे. न जिंकता पैसे घेणं योग्य की अयोग्य, याच्यावर मी शिबिरात स्वतःशी केवढे वाद घातले होते. माझ्या मनात पैसा म्हणजे डोक्यावर ठेवलेलं ओझं होतं, शेवटच्या रेषेपर्यंत न सांडता न्यायचं. आता वाटतं की सरावाच्या, पथ्याच्या, पहाटेच्या उठण्याच्या कामाला मोल आहे, आणि कामाचं मोल घेताना मान खाली घालायची गरज नाही. फक्त काम करायला पाय धड आहे की नाही, हे देणाऱ्याला खरं सांगायला हवं. डॉक्टर विश्रांती सांगतील, तर या वेळी निर्मला एकटीच जाईल. वाईट वाटेल, पण झोप येईल.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्यांनंतर शिबिर पुन्हा उघडतंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोमवारी, सतरा ऑगस्टला, मी पाय दाखवणार.