सुलेखाताईंनी लिहिलेलं इतिवृत्त

सुलेखा दाभाडे यांनी एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. एका सरकारी खात्यात त्या लघुलेखिका होत्या. कोणावर विभागीय चौकशी लागली की चौकशी अधिकाऱ्याच्या डाव्या हाताला त्यांची खुर्ची ठरलेली. साहेब, कारकून, ठेकेदार, सगळे त्यांच्यासमोर बिनदिक्कत खोटं बोलून गेले. टिपण घेणारी बाई म्हणजे टेबलाचाच एक भाग असं समजून बोलले. कुठल्या शब्दाआधी माणूस घसा खाकरतो हे ताईंना पाठ झालं होतं. तावातावानं बोलणाऱ्या पुरुषांविषयी त्यांच्या मनात जी तुच्छता साठली, ती निवृत्तीनंतरही कमी झाली नाही. उलट मुकुंदवाडीतल्या वाचनालयात तिला दर रविवारी नवं खाद्य मिळू लागलं.

तिथं रविवारी सकाळी चर्चा भरे. चालवत अभय सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, मुलगा न्यूजर्सीत. इतिवृत्त लिहायचं काम त्यांनी ताईंना न विचारताच देऊन टाकलं होतं. "तुमचा हातच बसलाय ना," म्हणाले.

२०१९चा मे महिना होता. आपल्याकडचं मतदान उरकलं होतं, निकाल यायचा होता. गल्लीत कोण कोणाच्या बाजूचा यावर उघड बोलायची एकाचीही छाती नव्हती. उद्या कोणाशी गाठ पडेल सांगता येत नव्हतं. म्हणून मंडळींनी सात समुद्रापलीकडचा विषय निवडला. अमेरिकेच्या अध्यक्षांचे रशियाशी संबंध, आणि त्यांची खास नेमलेल्या वकिलानं केलेली चौकशी. तिथं शौर्य फुकट होतं.

ताईंनी तो अहवाल वाचला होता. भाची श्रेयानं इंटरनेटवरून उतरवून दिला, झेरॉक्सवाल्याकडून साडेचारशे पानं छापून आणली. शब्दकोश जवळ घेऊन त्या तीन आठवडे रोज दुपारी बसल्या होत्या.

"एवढी दोन वर्षं चौकशी केली, निघालं काय? शून्य!" अभय सरांनी सुरुवात केली. "माणूस धुतल्या तांदळासारखा बाहेर आला."

"कशाचा बाहेर आला?" माऊली उसळले. हे बांधकामाचे ठेकेदार, पांढऱ्या बुटांशिवाय घराबाहेर न पडणारे. "रशियाचा हस्तक आहे तो. लिहून घ्या!"

लिहून घ्या म्हणाले, म्हणून ताईंनी लिहून घेतलं. पाऊण तास हेच चाललं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहवाल कोणी वाचलाय?"

सर हसले. "अहो ताई, मूळ अहवाल वाचायला कोणाला वेळ आहे? चार पानांचा सारांश आलाय ना. मुलानं पाठवला मला."

"लिहिला कोणी?"

"त्यांच्याच कायदा खात्याच्या प्रमुखानं."

"आणि त्याला नेमलं कोणी?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. "अध्यक्षांनी. पण तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे," ताई म्हणाल्या. "रशियानं निवडणुकीत ढवळाढवळ केली, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अध्यक्षांच्या माणसांच्या भेटीगाठीही लिहिल्यात. पण दोघांनी मिळून गुन्हेगारी कट केला, हे सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही. आणि चौकशीत अडथळा आणला का, यावर तो वकील आरोपही ठेवत नाही आणि निर्दोषही म्हणत नाही. माऊली, हस्तक हा निष्कर्ष कुठंच नाही. सर, धुतला तांदूळही नाही."

"म्हणजे तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं?" सरांनी विचारलं. पाच-सहा जण हसले. चर्चा संपली.

ताईंना हे हसणं नवीन नव्हतं. एका बड्या इंजिनिअरच्या चौकशीत त्यांनी दोनशे बारा पानं जबाब लिहून घेतले होते. वर दीड पानाची टिप्पणी लागली: आरोप सिद्ध होत नाहीत. दोनशे बारा पानं कपाटात गेली आणि इंजिनिअरचा फेटा बांधून सत्कार झाला. ती दीड पानाची टिप्पणी ताईंनीच टाइप केली होती, तोंडातून ब्र न काढता. त्या दिवसाच्या स्वतःबद्दलही त्यांना फारसा आदर नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी इतिवृत्त वाचून दाखवलं. जसं बोललं गेलं तसं, शब्दाला शब्द. 'वाचायला कोणाला वेळ आहे' हेही, बोलणाऱ्याच्या नावासकट.

अभय सर लालबुंद झाले. "हे इतिवृत्त नाही, बदनामी आहे! 'चर्चा खेळीमेळीत पार पडली', एवढं लिहितात."

ताईंनी वही त्यांच्यापुढं सरकवली. "लिहा तुम्ही. सहीही तुमचीच करा."

सरांनी लिहिलं. एका ओळीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका केल्या. ताईंनी त्या पाहिल्या, सुधारल्या नाहीत, आणि चपला घालून बाहेर आल्या.

मागोमाग जिन्यात एक माणूस आला. सांडू नाव, वाचनालयात मेहुणा झाडलोट करायचा, त्याच्या सोबत येऊन कोपऱ्यात बसला होता. सिल्लोडकडच्या एका निमसरकारी कचेरीत तो शिपाई. कपाटातली फाईल गहाळ झाली आणि अकरा महिने निलंबित होता. त्यानं पिशवीतून घड्या पडलेले कागद काढले.

"ताई, ह्यात मी सुटलो का अडकलो, तेवढं सांगा. लई जणांला दाखवलं. कोणी धड वाचत नाय."

ताईंनी जिन्यातच बसून वाचलं. आरोप सिद्ध होत नाही. तेच शब्द! त्याच शब्दांवर इंजिनिअरला फेटा मिळाला होता. सांडूच्या बाबतीत त्याखाली 'तथापि संशयास वाव आहे' असं एक शेपूट जोडून त्याला घरी बसवलं होतं.

"ज्यानं तुला कपाटाची किल्ली दिली, त्याचा जबाब कुठाय?"

"घेतलाच नाय."

या वेळी ताई गप्प बसल्या नाहीत. अपील स्वतः टाइप केलं, सांडूबरोबर तीनदा कचेरीत गेल्या, आणि साहेबानं "बघू" म्हटलं की "कधी?" असं विचारून त्याच्यासमोर वही उघडून बसल्या. उच्चारलेला शब्द कोणी लिहून घेतंय म्हटल्यावर साहेब सावध बोलू लागला. आठ महिन्यांनी सांडूला पुन्हा कामावर घेतलं, वैजापूरला.

तो पेढे घेऊन वाचनालयात आला. अभय सरांनी दोन खाल्ले आणि अमेरिकेत शिपायाची चौकशी कशी निःपक्षपाती होते हे त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. सांडू "व्हय साहेब, व्हय साहेब" करत उभा राहिला.

बाहेर आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "ताई, ह्या साहेबांवर कसली चौकशी चालूय? लई जोरात बोलत व्हते."

"कसलीच नाही," ताई म्हणाल्या. "चौकशी लागायला आधी कोणीतरी काहीतरी विश्वासानं सोपवावं लागतं."