अकराव्या नियमातलं माझं वाक्य

दोन हजार चोवीस साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या घरात, माझ्याच दिवाणावर, मराठ्यांचं आरमार रोज बुडून राहिलं होतं.

बुडवणारी माझी नात. वय सव्वीस. नव्या रायपुरात नोकरी, आणि तिथून घरी आली की समुद्रावरच्या लढाईचा खेळ बनवणं. मोबाइलवरचा नाही. पुठ्ठ्यावर छापलेला समुद्र, त्यावर सहा कोनांची घरं, लाकडाची बोटभर जहाजं, दोन फासे आणि नियमांचं चाळीस पानी पुस्तक. एकानं मराठ्यांचं आरमार घ्यायचं, दुसऱ्यानं फिरंग्यांचं. तीन वर्षं ती त्यात गुंतली होती. शेवटी पुण्याचा एक प्रकाशक खेळ काढायला तयार झाला, पण त्यानं दोन गोष्टी बजावल्या. नियम शुद्ध मराठीत पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंना जिंकता आलं पाहिजे. सोमवारी रात्रीपर्यंत सगळं त्याच्याकडे पोचलं नाही, तर तो दुसऱ्या कोणाचा खेळ काढणार होता.

शुद्ध मराठीसाठी तिनं मला धरलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण रायपूरच्या सदर बाजारातल्या छापखान्यात मी एकेचाळीस वर्षं खिळे जुळवले आहेत. शिशाची उलटी अक्षरं वाचत मराठी शिकलो. इथला छापखाना म्हणजे सगळं काम हिंदी. ळ चे खिळे आमच्याकडे मूठभर. मराठी मजकूर आला की एका पानात ळ संपायचा. मग ते पान छापायचं, खिळे सुटे करायचे, तेच ळ धुऊन पुढच्या पानाला लावायचे. ज्यानं ळ असा पुरवून पुरवून वापरला, त्याला मराठी कोणी शिकवू नये. बी.ए. झालेल्यांच्या चुका मी काढल्या आहेत, त्यांच्या तोंडावर काढल्या आहेत.

तिचं पुस्तक हातात घेतलं आणि माझं डोकं फिरलं. गलबत कुठं ‘गल्बत’, कुठं ‘गलबात’. शीड सगळीकडे ऱ्हस्व. आणि एका पानावर ‘जहाज बुडाले गेले जाईल’.

“हे कोण्या गाढवानं लिहिलं?”

“कंप्यूटर ने, आबा. मैंने बस थोड़ा ठीक किया.” तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत येतं. मी ते सुधारायचं सोडून दिलं आहे.

“तू ठीक केलं म्हणून असं झालं काय?”

“आबा, लाल पेन पकड़ो और शुरू हो जाओ ना.”

चार दिवस चाळीसच्या चाळीस पानांचं शुद्धलेखन केलं, अक्षरं पाहिली, अर्थ नाही. एकेका पानावर माझी लाल शाई तिच्या काळ्या शाईपेक्षा जास्त. रविवारी सकाळी पुन्हा चाळताना बाराव्या पानावर आलो आणि मला शुद्धलेखनापेक्षा वाईट दिसलं. फिरंगी जहाज : एका बगलेला तोफा सहा. पानावरच जहाजाचं जुनं चित्र, त्यात मी बोट ठेवून तोफांचे झरोके मोजले. तेरा.

“हे काय आहे? चित्रात तेरा, अन् खाली सहा?”

ती म्हणाली, “तेरह रखती हूँ तो अपने वाले दस मिनट में खतम. छह में भी हार रहे हैं. दोस्त लोग खेलने आते हैं तो कोई मराठा साइड लेता ही नहीं.”

“म्हणून तू तोफा चोरल्या?”

“बैलेंस किया, आबा.”

“चोरल्या म्हण. इतिहासाचं पुस्तक करून राहिली अन् तोफा लपवून राहिली. तेरा कर. मी खेळतो मराठ्यांकडून. पाहू कसे हरतात.”

हरले. दुपारच्या जेवणापर्यंत तीनदा हरले. आपली मोठी जहाजं, म्हणजे गुराबा, त्यांच्या नाकावर दोन-दोन तोफा. लहान गलबतं वल्ह्यांवर चालणारी, त्यात चढून जाऊन लढणारी माणसं. ती त्या फिरंगी जहाजापाशी पोचली तर काम फत्ते. पण पोचतं कोण? समोरून गेलं की ते जहाज नुसती कूस वळवायचं आणि तेराच्या तेरा तोफा आमच्या तोंडावर. माझा मुलगा सिलतऱ्याच्या कारखान्यातून रविवारीच घरी असतो. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, “बाबा, लुडो काढू काय? त्यात तरी घर गाठाल.”

मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चौथ्या डावात मी एक गलबत उचललं आणि वळसा घेऊन फिरंग्याच्या शेपटीमागच्या घरात ठेवलं. तिथं तोफा नावापुरत्या. सदर बाजारात सांड उभा असला तर त्याच्या शिंगांसमोरून कोणी जातं काय? मागून कडेनं जातात.

“नहीं चलेगा,” नात म्हणाली.

“काहून?”

“नियम ग्यारह. मराठा जहाज पीछे के तीन घर में नहीं जा सकता.”

आता मात्र माझा संयम सुटला. “हा नियम कोण्या शहाण्यानं केला? समुद्रावर गेलेला माणूस असा नियम करीन? नाकासमोर जाऊन मरा, असं आरमार असतं काय? बिनअकलेचा नियम आहे हा! खोड त्याले!”

“आबा, ये मैंने नहीं बनाया. किताब में है.”

“मग ते पुस्तक बिनअकलेचं!”

ती आत गेली आणि एक झेरॉक्स घेऊन आली. आमच्या मराठी मंडळाची चाळीस वर्षांपूर्वीची स्मरणिका, त्यातला आरमारावरचा लेख. पुरानी बस्तीतल्या वाचनालयात तिला सापडला होता. पिवळ्या पेनानं एक ओळ रंगवलेली.

‘मराठे आरमार शत्रूवर नेहमी समोरून चालून गेले, पाठीमागून वार करणे त्यांस ठाऊक नव्हते.’

‘ठाऊक’ मधल्या ठ चं पोट फुटलेलं होतं. तो खिळा मी ओळखतो. दोन वर्षं मी मालकाला म्हणत होतो, हा ठ बदला.

वाक्यही ओळखलं. ते माझं होतं.

लेख एका गुरुजींचा. शाळेतून निवृत्त झालेले, बारीक अक्षर, कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहायचे. त्यांनी लिहिलं होतं की आपली गलबतं शत्रूच्या मागच्या अंगानं चाल करीत, कारण त्याच्या तोफा बगलेला असत. मी खिळे जुळवता जुळवता तिथं थांबलो. मराठे, आणि मागून? आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले. ते मागून आले होते काय? त्या आठवड्यात गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, प्रूफ पाहायला कोणी नव्हतं. मी त्यांचं वाक्य काढलं आणि माझं बसवलं. जागेत बरोबर बसलं, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. काय टाळ्या! मी मागं दाराशी उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला. गुरुजी तिसऱ्या रांगेत काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. नंतर जिन्यात भेटले. “ते वाक्य तुम्ही बदललंत?”

“हो. मराठे पाठीत वार करत नाहीत, गुरुजी.”

“बरं,” म्हणाले, आणि कठडा धरून खाली उतरले. पुढं कधी छापखान्यात आले नाहीत. मला वाटलं, टाळ्या माझ्या वाक्याला पडल्या म्हणून जळले. चाळीस वर्षं मला असंच वाटत होतं. एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांचं जुळवलं. छापलेलं माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य. बायकोला वाचून दाखवलं होतं.

नात माझ्याकडे पाहत होती. “क्या हुआ?”

“हे खोटं आहे.”

“आपको कैसे मालूम?”

“मले मालूम आहे म्हणून सांगून राहिलो ना!”

“आबा, छपा हुआ है.”

“छापलेलं म्हणजे खरं, हे तुले कोणी सांगितलं?”

“आपने. बचपन से.”

मुलगा पेपराआड हसला. मी झेरॉक्स उलटी ठेवली, सरळ ठेवली. मग सांगून टाकलं. एवढंच की वाक्य मीच घातलं, गुरुजींनी उलट लिहिलं होतं. टाळ्यांचं नाही सांगितलं.

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. “तीन साल,” ती म्हणाली. “तीन साल से मैं पासे बदल रही हूँ, तोपें बदल रही हूँ. दो और किताबों में पीछे से लिखा था, आबा. मुझे लगा, अपने शहर के आदमी ने लिखा है, वही सही होगा.”

मी तिच्यावरच डाफरलो. दोन पुस्तकं एक सांगतात आणि एक स्मरणिका दुसरं, तर विचारायला नको? घरात छापखान्याचा माणूस बसला आहे, त्याला विचारायला काय झालं होतं? ती म्हणाली, घरात छापखान्याचा माणूस होता, हीच तर गडबड झाली. तिचं हिंदी कधी कधी फार सरळ लागतं.

मी लाल पेन घेतलं, अकराव्या नियमावर आडवी रेघ मारली, बाराव्या पानावर सहाच्या तेरा केल्या. जहाजं परत मांडली. संध्याकाळपर्यंत आम्ही सहा डाव खेळलो. वारा पडला की गलबतं दोरानं गुराबांना ओढत फिरंग्याच्या मागं आणायची, फिरंगी वळला की तीही वळायची. तीन डाव मी जिंकलो, तीन ती जिंकली. शेवटच्या डावाला मुलगा पेपर टाकून दिवाणाच्या काठावर येऊन बसला होता, आणि मी चुकीचं घर धरलं म्हणून माझ्यावरच ओरडत होता.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नात आधारांची यादी लिहीत होती. स्मरणिकेच्या नावावर तिचं पेन थांबलं. “इसको काट दूँ?”

“गुरुजींचं नाव कापू नको,” मी म्हणालो. “लेख चांगला आहे. एकच ओळ खराब आहे.”

“लेकिन कोई जाके देखेगा तो वही ओळ मिलेगी ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच मी पुरानी बस्तीत पायरीवर जाऊन बसलो. कुलूप निघाल्यावर स्मरणिका मागितली, ते पान काढलं, लाल पेनानं माझं वाक्य खोडलं आणि वर समासात गुरुजींचं वाक्य लिहिलं, आठवलं तसं. खाली लिहिलं, ‘जुळवणाऱ्याची चूक’, आणि सही केली.

“ओ काका!” टेबलामागची बाई ओरडली. “किताब में लिखते नहीं! पढ़े-लिखे नहीं हो क्या?”

“चौथी पास,” मी म्हणालो. “याची दुसरी प्रत आहे काय? तीही द्या.”