मारोतीभाऊंच्या बातमीतलं साम्राज्य

मारोतीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या कचेरीत गडचिरोलीकडच्या बातम्या तपासत होते. त्यांच्या सुनेचा फोन. "भाऊ गेले, बाई. सकायी चहा मांगला आन्..." समोर त्यांचीच आदल्या दिवशी पाठवलेली बातमी होती, पुलाच्या तुटक्या कठड्याची. ती तशीच लावली.

भाऊ शेती सांभाळून आमच्या पेपराला तालुक्याच्या बातम्या द्यायचे. साम्राज्य या शब्दावर त्यांचा भारी जीव! बसस्थानकात डासांचे साम्राज्य, रस्त्यावर खड्ड्यांचे साम्राज्य, सूरजागडचे लोहखनिजाचे ट्रक धावू लागले तेव्हा धुळीचे साम्राज्य. दवाखान्यात डॉक्टर नसला की तिथं कुत्र्यांचे राज्य. मी वैतागून म्हणायचे, "भाऊ, एका तालुक्यात किती सम्राट बसवता हो?" ते खो खो हसत. "बाई, गोंड राजे गेले. गादी खाली हाय, जो येते तो बसून राह्यला!" ऐकतील तर शपथ. मी तो शब्द कापायचे, ते पुन्हा लिहायचे. आमचं बरं चाललं होतं.

मग त्यांच्या शेजारची शेवंता गेली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत कापताना तिला वाघानं ओढून नेलं. भाऊंनी अगदी साधी बातमी पाठवली. मी त्या दिवशी रजेवर. मुख्य कचेरीतल्या कुणीतरी मथळा चढवला, 'वाघाच्या साम्राज्यात शिरलेल्या महिलेचा बळी'. आणि खाली भाऊंचं नाव. आमच्याकडे शाळेच्या परिपाठात सकाळी पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचतात. तिथं हीही वाचली गेली. आईचं दिवसकार्य झाल्यावर शेवंताची मुलगी शाळेत गेली, तर पोरांनी तिला तेच ऐकवलं. गावाला खरं ठाऊक होतं, पण छापलेल्यापुढं गावाचं काय चालतं? पोरगी थेट भाऊंकडे आली. "भाऊ, माय कोनाच्या राज्यात शिरली होती? तुमीच लिवलं ना?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं भाऊ माझ्यासमोर उभे. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "पोरीले हे जनमभर पुरन, बाई," एवढंच म्हणाले. मी मुख्य कचेरीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "अहो, शब्दाचा एवढा काय बाऊ? सगळेच लिहितात." भाऊंनी माझ्या हातून फोन घेतला. इतका शांत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "साहेब, वावर तिचं होतं. शिरला तो वाघ. सातबारा काई वाघाच्या नावानं नाई. एक फोन करून इचाराचं होतं, बाई कुठी होती म्हून."

खुलासा आला, आतल्या पानावर, कोपऱ्यात. शेवंता स्वतःच्या शेतात होती, एवढाच. भाऊ पेपर घेऊन शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, "तवा ते वाचलं, तं आता हेबी वाचा." परिपाठात तो खुलासा त्या मुलीनंच वाचला, खडखडीत आवाजात. हे मला सांगताना भाऊंच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यानंतर साम्राज्य त्यांच्या बातमीत कधी आलं नाही. डास नुसते डास राहिले, खड्डे खड्डे. खरं सांगू? मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ते गेल्यावर कुणीतरी श्रद्धांजली पाठवली, 'ग्रामीण पत्रकारितेचा अनभिषिक्त सम्राट'. मी सम्राट कापला, वार्ताहर लिहिलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा तशीच एक बातमी आली, दुसऱ्या तालुक्यातून. मथळाही तयार, वाघाच्या राज्याचा. मी तो बाजूला ठेवून गावात फोन लावला. गेलेल्या बाईच्या मुलानं उचलला. विचारलं, "तुमची आई तेव्हा कुठं होती हो?"

"आमच्याच वावरात, म्याडम. सकायपासून सबन पेपरवाले फोन करून राह्यले. वाघ कुठी हाय, इचारते. माय कुठी होती, हे इचारणाऱ्या तुमीच पयल्या."

मी पहिली नव्हे रे बाबा, असं त्याला सांगायचं होतं. पण आधी मथळ्यातलं राज्य कापलं आणि लिहिलं, 'स्वतःच्या शेतात'.